भिंतीचं औषध

माझ्या अंगावर बत्तीस दात आहेत, म्हणजे माणसाइतकेच. फरक एवढाच की मी ते विनाकारण दाखवत नाही. मित्रांनो, मी एक जुना खरारा आहे. खराटा नव्हे. खराटा माझ्या शेजारीच कोपऱ्यात उभा असतो, अंगण झाडतो आणि स्वच्छतेच्या मोहिमेत पुढाऱ्यांच्या हातात फोटोलाही येतो. मला कोणी फोटोला नेत नाही. मी लोखंडाचा, तळहाताएवढा, मागे कातडी पट्टा असलेला. पट्ट्यात हात घालायचा आणि मला घोड्याच्या किंवा बैलाच्या अंगावरून फिरवायचं. धूळ, कोंडा, मेलेले केस मी ओढून काढतो. जनावराला बरं वाटतं आणि ते डोळे मिटतं. माझ्या धंद्यात यापेक्षा मोठा सत्कार नाही.

माझा जन्म नगरचा. कागदोपत्री आता अहिल्यानगर. एका लोहाराने पिंपाच्या जुन्या पट्टीतून मला कापलं, कानशीने माझे दात घासले आणि शेवटी स्वतःच्या गालावरून मला फिरवून बघितलं. गाल सोलला नाही तेव्हाच त्याने मला सहादेवच्या हाती दिलं. आजकाल बनवलेली वस्तू स्वतःच्या गालावर तपासून विकणारे कमी झाले आहेत, असं मी ऐकतो.

सहादेव टांगेवाला होता. स्टेशन ते माळीवाडा, दिवसातून कितीदा तरी. त्याच्या घोडीचं नाव राणी. सहादेवचा एक नियम होता आणि तो त्याने कुठे लिहून ठेवला नव्हता, कारण त्याला लिहिता येत नव्हतं: आधी हात, मग खरारा, मग तेल. पहाटे तो राणीजवळ जायचा आणि चक्क डोळे मिटायचा. मग उघडा तळहात तिच्या कानामागून, आयाळीखालून, शेपटीच्या मुळापासून, मांडीच्या आतून फिरवायचा. कुठे गोचीड बोटाला लागली तर ती कातडीलगत धरून अलगद सरळ ओढायची आणि मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकायची. कुठे ओरखडा, खपली, फोड लागला, तर मी त्या दिवशी खुंटीवर. "घोड्याचं अंग डोळ्याला खोटं सांगतं, हाताला न्हाई," असं तो म्हणायचा.

त्याची मुलगी बनू शेजारी बसून हे सगळं बघायची. तोही तिला जवळ घ्यायचा, डोळे मिटायला लावायचा आणि तिचा हात राणीच्या अंगावर ठेवायचा. एक मास्तर रोज टांग्याने जायचे. ते एकदा म्हणाले, "सहादेव, माझ्या वर्गातली पोरं इतकी स्वच्छ येत नाहीत रे." ती स्तुती राणीची होती, पण तिच्यातला निम्मा वाटा मी त्याच दिवशी मनातल्या मनात घेतला.

पुढे रिक्षा आल्या. टांग्याची चाकं निघाली. बनूचं लग्न पाथर्डीकडच्या एका गावात झालं होतं आणि तिच्याकडे गोठा होता, म्हणून राणी आणि मी तिकडे गेलो. सासरी जाताना मुलीबरोबर भांडी येतात, इथे घोडी आणि खरारा आला, तोही उशिरा. गावाने थोडे दिवस थट्टा केली. मग वरातीला घोडी लागते हे गावाच्या लक्षात आलं आणि थट्टा थांबली. सहादेव गेला, राणीही गेली. आता गोठ्यात आहे ती राणीची नात, चांदणी. पांढरीशुभ्र, वय चौदा, स्वभावाने आजीपेक्षा जरा मानी. माहेरचं म्हणून बनुबाईकडे आता दोनच गोष्टी उरल्या आहेत. एक चांदणी, दुसरा मी.

मित्रांनो, पुढचं कळण्यासाठी गोचिडीची थोडी ओळख हवी. जनावराच्या अंगावर दिसतात त्या सगळ्या गोचिडी, असा लोकांचा समज आहे. ती फक्त जेवायला बसलेली पंगत असते. उरलेला सगळा गाव गोठ्याच्या भिंतीत, भेगांमध्ये, दगडांच्या सांध्यात राहतो. रक्त पिऊन टम्म झालेली गोचीड खाली पडते, भेगेत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. पिल्लं निघतात आणि पुढच्या पंगतीची वाट बघत बसतात. त्यांना घाई नसते.

म्हणून बनुबाईकडे दोन औषधं होती. एक अंगाचं: लिंबोळ्या वाळवून काढलेलं तेल, त्यात करंजाचं तेल, चार थेंब आधी पायाच्या मागे लावून एक दिवस वाट बघायची आणि मगच सगळ्या अंगाला. दुसरं भिंतीचं. त्यासाठी ती तंबाखू आटवून आटवून काळाकुट्ट काढा करायची, कुंच्याने भेगांमध्ये भरायची, वरून चुना ओढायची आणि जनावरं दोन दिवस बाहेर निंबाखाली बांधायची. पोराबाळांनाही ती तेवढे दोन दिवस गोठ्यात फिरकू देत नसे. तिचा मुलगा अंगद लांब उभा राहून नाक दाबायचा. त्याला त्या औषधाचा वास आयुष्यभर लक्षात राहिला. औषध कुणाचं होतं, ते मात्र लक्षात राहिलं नाही.

अंगद मोठा झाला. त्याचं स्नेहलशी लग्न झालं. दिवाळीनंतर दोघं बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात परत येतात. चांदणी बनुबाईजवळ राहते. मग बाजारात फवाऱ्याच्या बाटल्या आल्या. फुस्स केलं की झालं. बनुबाईच्या गुडघ्यांनीही वाकायला नकार दिला होता, त्यामुळे तिनेही फार वाद घातला नाही. मी खुंटीवरून कोनाड्यात आलो आणि कोनाड्यातून जमिनीवर. अंगद माझ्याने कुदळीची वाळलेली माती खरवडायचा. एकदा त्याने माझ्याने दगडाला चिकटलेलं सिमेंट काढलं. माझे सहा दात वाकले, बाकीचे गंजले. खराटा हसला असावा. त्याचा आवाज तसाही कायम हसल्यासारखाच येतो.

ही गोष्ट याच उन्हाळ्यातली. बैल साखर कारखान्याच्या तळावर पाच महिने शेकडो बैलांच्या शेजारी बांधलेले होते आणि येताना त्यांनी गावासाठी भेट आणली. आठ दिवसांत चांदणीचे कान गोचिडींनी भरले. अंगदने बाटली फवारली. पण बाटली पुरवून वापरायची म्हणून तो दरवेळी सांगितल्यापेक्षा निम्मंच औषध घालत आला होता, आणि गोचिडींना आता त्या औषधाची सवय झाली होती.

चांदणी झाडाला अंग घासायला लागली. आणि दोन दिवसांवर भावकीतलं लग्न. आदिनाथच्या मुलाची वरात चांदणीवरून निघायची होती. आदिनाथ बोलून चालून फटकळ. येऊन बघून गेला आणि म्हणाला, "अंगद, नवरदेव बसवायचा हाय. नवरदेवासंगं गोचिडी नगं पाठवू सासरवाडीला."

ते अंगदला लागलं.

त्या रात्री त्याने मोबाईल उघडला. जुने उपाय आता कोणाच्याही मोबाईलमध्ये सापडतात. फक्त घरातल्या माणसाला विचारायचं तेवढं राहून जातं. पडद्यावर एक गृहस्थ सांगत होते की निसर्गातलं ते सगळं निर्धोक, त्याने अपाय होऊच शकत नाही. त्यांनी तंबाखूचं नाव घेतलं आणि अंगदच्या नाकात लहानपणीचा वास भरला. "आयचंच औषध हाय की हे!" तो स्नेहलला म्हणाला.

"मग आत्यांना विचारा की," स्नेहल म्हणाली.

"त्यात काय इचारायचं? माज्या डोळ्यादेखत करायची."

आत्या म्हणजे बनुबाई, स्नेहलची सासू. तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते. काळा चष्मा लावून ती ओट्यावर बसायची. धूर नको, धूळ नको, वाकणं नको, डोळ्यात पाणी जाऊ देणं तर अजिबात नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यामुळे गोठ्यातलं सगळं तिला ऐकूनच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी अंगदने परसात तीन दगडांवर पातेलं चढवलं. गावात पाण्याचा टँकर आठवड्याने येतो. तंबाखू मात्र कधीही मिळते. त्याने तंबाखू मुठीने घातली आणि पाणी तांब्याने. पाणी वाचवण्याची सवय इकडे लहानपणीच लागते आणि ती चांगली सवय आहे. औषधात मात्र ती चांगली नाही. काढा आटून काकवीसारखा झाला.

मग त्याने मला उचललं. मित्रांनो, मी किती वर्षांनी चांदणीच्या अंगाला लागणार होतो! मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. माझे दात वाकलेत, हे मला माहीत होतं. पण आनंद झालेल्याला कोण दात मोजायला सांगतं? अंगदने आधी हात फिरवला नाही. त्याने सरळ मला घातलं आणि जोर लावून ओढलं. गोचिडी तुटल्या, तोंडं आतच राहिली. माझ्या वाकड्या दातांनी पाठीवर, पुठ्ठ्यावर, मानेवर लाल रेघा उमटल्या. चांदणीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही.

त्या रेघांवरूनच अंगदने फडक्याने काढा चोळला. कानापासून शेपटीपर्यंत, भरपूर. त्यालाही मळमळायला लागलं, डोकं गरगरलं. त्याला वाटलं, ऊन लागलं.

ओट्यावर बनुबाईने नाक वर केलं.

"अंगद, भिंत लिंपतूस व्हय रं?"

"न्हाई गं आये."

"मग ह्यो वास कसला?"

"तुजंच औषध केलंय. चांदणीला लावलं."

ओट्यावरून काठी पडल्याचा आवाज आला.

"आरं ते भिंतीचं हाय! भिंतीचं! जनावराला न्हाई लावत ते, इख हाय ते!"

बनुबाई काठी न घेताच गोठ्याकडे चालत आली. तोवर चांदणीच्या तोंडातून लाळेची तार लागली होती. मांड्या थरथरत होत्या. तिने चारही पाय फाकवले होते, जमीन हलते आहे असं समजून एखादं जनावर उभं राहतं तसे. अंगद मला हातात धरून तसाच उभा. स्नेहलने मात्र फोन लावला होता. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टर देवश्री मॅडम पलीकडून बोलत होत्या आणि आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"धुवा तिला. लगेच. साबण लावा आणि भरपूर पाण्याने धुवा. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. मी निघाले आहे, पण माझी वाट बघू नका. आणि पाणी मोजू नका."

पाणी मोजू नका! आमच्या भागात हे वाक्य बोलायला बाहेरचं माणूस लागतं.

घरात एक प्लास्टिकचं पिंप होतं, ते पाऊण भरलेलं, आणि चार हंडे. पुढचा टँकर तीन दिवसांनी. अंगद पिंपाजवळ जाऊन थांबला.

"बघतूस काय? वत," बनुबाई म्हणाली.

"आये, प्यायाला?"

"प्यायाला आपन मागू कुनाकडं बी. ती कुनाला मागंल?"

अंगदने पिंप आडवं केलं. स्नेहलने साबण चोळला. बनुबाई चांदणीच्या तोंडापाशी उभी राहिली, दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून, आणि अंगावर उडणारं पाणी काळ्या चष्म्यावरून ओघळत राहिलं. पिंप संपलं. हंडे संपले. काढ्याचा तपकिरी रंग अजून पायांवरून येतच होता.

तेवढ्यात फाटकाशी टेम्पो थांबला. स्नेहलने दुसरा फोन आदिनाथला केला होता. लग्नघरी पाहुण्यांसाठी भरून ठेवलेल्या टाक्यांपैकी एक अख्खी टाकी त्याने टेम्पोत घातली होती. तो उतरला, चांदणीकडे बघितलं आणि पहिल्यांदाच फटकळपणा विसरला.

"व्हा बाजूला," एवढंच म्हणाला आणि नळी लावली. टाकी अर्धी झाल्यावर त्याला आपला स्वभाव आठवला. "नवरदेवाच्या आंघुळीचं हुतं बरं का. आता त्यो बिनआंघुळीचा बोहल्यावर चढंल. पोरीकडच्यांना सांगतो, आमच्यात तशीच रीत हाय."

कोणी हसलं नाही. पण अंगदचे हात त्यानंतर जरा भराभर चालायला लागले.

देवश्री मॅडम आल्या तेव्हा चांदणी गुडघे टेकून बसली होती. त्यांनी इंजेक्शनं दिली, छातीला नळी लावून ऐकलं, डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या. मग त्यांची नजर बनुबाईकडे गेली.

"आजी, तुमचं ऑपरेशन झालंय ना? डोळ्यात पाणी गेलं तर?"

"दुसरा डोळा हाय अजून," बनुबाई म्हणाली. "घोडी येकच हाय."

त्यावर मॅडमनी स्वतःचा रुमाल काढला, तिचा चष्मा पुसून दिला आणि तिला सावलीत बसवलं. पुढचे तीन तास कोणी काही विशेष केलं नाही. वाट बघण्यात विशेष करण्यासारखं काही नसतं. अंगद भिंतीला टेकून बसला होता. एकदाच म्हणाला, "मॅडम, ते तर झाडपाल्याचं हुतं. गोळी न्हाई, बाटली न्हाई."

"झाडपाला हेही औषधच," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या आईचं लिंबोळीचं तेल चांगलंच आहे, मी दहा ठिकाणी सांगते. पण त्याला माप आहे, लावायची जागा आहे. तंबाखूला ते कळत नाही, अंगद. आपल्याला कळायला हवं." मग त्यांनी जमिनीवर पडलेल्या मला उचललं आणि माझ्या वाकड्या दातांवरून अंगठा फिरवला. "आणि हे काय आहे? कातडी याने फाडली, म्हणून विष इतकं भराभर आत गेलं."

मित्रांनो, त्या वेळी मला भंगारवाला आठवला आणि तो यावा असं वाटलं.

दिवस कलला. निंबाची सावली गोठ्यावरून पुढे सरकली. चांदणीची थरथर आधी मांडीची थांबली, मग मानेची. तिने पुढचे पाय ताणले, एकदा घसरली, दुसऱ्यांदा उभी राहिली. टाकीच्या तळाशी उरलेलं अर्धी बादली पाणी आदिनाथने तिच्यापुढे ठेवलं. तिने आधी वास घेतला. आता ती प्रत्येक गोष्टीचा वास घेणार होती, आणि तो तिचा हक्कच होता. मग ओठ टेकवून ती सगळं प्याली. बनुबाईला सावलीतून नीट दिसत नव्हतं, पण घोटांचा आवाज येत होता. ती ते घोट मोजत होती, ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवशी नवरदेव टेम्पोतून गेला. आदिनाथने टेम्पोला झेंडूच्या माळा बांधल्या आणि विचारेल त्याला सांगितलं की घोडी रजेवर आहे.

मला फेकून द्यायला अंगद निघाला होता. बनुबाईने हात पुढे केला. काळ्या चष्म्याआडून तिने माझे दात अंगठ्याने एकेक चाचपले, बत्तीसच्या बत्तीस.

"ह्याचा काय दोस?" ती म्हणाली. "ह्याच्यानं शिमिट कुनी खरवडलं?"

अंगदने मला घ्यायला हात पुढे केला.

"कानस आन."

त्या दिवशी अंगदने माझे सहा दात पक्कडीने सरळ केले, गंज घासला, टोकं बोथट केली. मग आईने सांगितलं म्हणून स्वतःच्या गालावरून मला फिरवलं. गाल सोलला नाही. मला लोहार आठवला.

पण मी लगेच कामाला लागलो नाही. जखमा भरेपर्यंत मी खुंटीवर होतो. तोवर अंगदने गोठ्यातली एकेक भेग खरवडून चुना आणि मातीने बुजवली, चांदणीला बाहेर बांधून. गोठ्यात चार कोंबड्या आल्या. त्या गोचिडी वेचण्याचं काम कोणतीही जाहिरात न करता करतात. लिंबोळीचं तेल स्नेहल मोजून घेते, आधी पायाच्या मागे चार थेंब. गोचिडी फार झाल्या तर आधी फोन मॅडमना, मग मोबाईलमधल्या गृहस्थांना. खरं तर त्यांना फोन लागतच नाही.

आणि रोज पहाटे बनुबाई अंगदला चांदणीजवळ उभं करायची. "डोळे मीट," म्हणायची. बत्तीस-तेहतीस वर्षांचा दांडगा गडी, उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहून बैलगाडी भरणारा, डोळे मिटून उभा. बनुबाई त्याचा हात धरून कानामागे न्यायची, आयाळीखाली, शेपटीच्या मुळाशी. सहादेवने तिचा धरला होता तसाच. "इथं काय लागलं?" "खपली." "मग आज खरारा?" "न्हाई." एवढंच त्यांचं बोलणं.

खपल्या पडल्या त्या सकाळी अंगदने मला खुंटीवरून काढलं. मी शेजारच्या लोखंडी कडीला लागून खणकन वाजलो आणि चांदणी दोन पावलं मागे सरली. कान मागे, कातडी ताठ. तो आवाज तिने ओळखला होता. अंगदने मला परत टांगलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मला त्याचं वाईट वाटलं, पण राग आला नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही मागे सरलो असतो.

बाराव्या दिवशी अंगदने आधी बराच वेळ नुसता हात फिरवला, डोळे मिटून, आईने न सांगता. मग मला तिच्या नाकापुढे धरलं. तिने माझा वास घेतला. कानशीचा, तेलाचा, अंगदच्या हाताचा. मग त्याने मला तिच्या खांद्यावर ठेवलं, जोर न लावता, नुसतं ठेवलं. ती थरथरली. मागे मात्र सरली नाही. आम्ही एक ओळ खाली आलो, मग दुसरी. तिसऱ्या ओळीला तिने आपल्या अंगाचा थोडा भार माझ्यावर टाकला आणि डोळे मिटले.

ओट्यावरून बनुबाईने विचारलं, "हुबी ऱ्हायली का रं?"

"ऱ्हायली, आये."

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं काहीतरी कोनाड्यात पडलं असेल, आणि ओट्यावर बनुबाईसारखं कोणीतरी बसलं असेल. कोनाड्यातलं उचलण्याआधी ओट्यावरच्या माणसाला एकदा विचारा. मुक्या जनावराच्या अंगाला काही लावण्याआधी, मग ते झाडाचं असो की बाटलीतलं, आधी आपला हात फिरवा. आणि माझ्याने सिमेंट तेवढं खरवडू नका.